अकरा मिनिटं बसलेली माशी

मी कवळ्या बनवते. तीस वर्षं झाली. दातांचे डॉक्टर रोग्याच्या जबड्याचा साचा पाठवतात, मी गुलाबी मेणात एकेक दात बसवते आणि काही दिवसांनी कुणीतरी पुन्हा चारचौघांत तोंड उघडून हसायला लागतं. या कामात दात केसभर इकडचा तिकडे झाला तरी माणूस जेवताना जीभ चावतो आणि शिव्या मला घालतो. माझ्या नाकावर राग असतो हे घरचे, दारचे, शेजारचे सगळे सांगतील. पण माझ्या हाताबद्दल आजवर कुणी ब्र काढलेला नाही.

याच हातांनी मी गेली नऊ वर्षं दर रविवारी फुलांवरच्या किड्यांचे फोटो काढते. किडे म्हटलं की लोकांचे चेहरे आंबतात. आंबू देत. ज्याने भुंग्याच्या पाठीवर चिकटलेले परागकण चार बोटांवरून बघितलेले नाहीत, त्याच्याशी मी वाद घालत नाही.

हे वेड मला लावलं घड्याळजी काकांनी; मला ते कवळी म्हणूनच हाक मारतात. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दोन माणसं शेजारी उभी राहिली की भरलं. काकांचं वय अठ्ठ्याहत्तर. आमचं सात-आठ जणांचं टोळकं रविवारी सकाळी पंपघरामागच्या फुलांच्या वाफ्यांमध्ये गुडघे टेकून फिरतं आणि नऊ वाजता काकांच्या दुकानात चहाला दाटीवाटीने बसतं. तिथे भिंतीवर काकांच्या हातची पाटी आहे: पकडायचं नाही, गारठवायचं नाही, चिकटवायचं नाही, जोडायचं नाही.

पाटीवरची दुसरी ओळ आमच्यातल्या भूलतज्ज्ञाने मोडली होती. रुग्णालयात माणसांना झोपवतो ते पुरे नव्हतं, म्हणून त्याने एक चतुर पकडून फ्रीजमध्ये ठेवला. किडा गारठला की हलत नाही, हवा तसा फुलावर ठेवता येतो. फोटो झकास आला. काकांनी तो डोळ्यांसमोर धरला आणि एवढंच विचारलं, "डॉक्टर, भर दुपारच्या उन्हात याच्या पंखांवर दव कुठून आलं हो?" त्यानंतर वर्षभर भूलतज्ज्ञाला फक्त चहाला यायची परवानगी होती. कॅमेरा घरी.

चौथी ओळ समजावून सांगायला हवी, कारण माझ्यावर आलं ते तीच ओळ मोडल्याचं बालंट. इतक्या जवळून फोटो काढताना माशीचा डोळा स्पष्ट आला तर पाय धूसर होतो, पाय स्पष्ट आला तर डोळा. मग पुष्कळ जण एकाच माशीचे वीस-तीस फोटो काढतात, प्रत्येकात वेगळा भाग स्पष्ट, आणि संगणकाकडून ते एकात एक जोडून घेतात. दिसतं सुंदर. पण मधल्या एखाद्या फोटोत माशीने पाय उचलला, तर तोच पाय दोनदा उमटतो. सात पायांच्या माश्या आणि तीन मिशांचे भुंगे असे जन्माला येतात. काका अशा फोटोला 'शिवलेला' म्हणतात, आणि हा शब्द ते अगदी थुंकल्यासारखा उच्चारतात.

दुकानात काउंटरच्या वर काकांनी स्वतः काढलेला एक फोटो लावलेला आहे. पांढऱ्या फुलावर पांढरं फुलपाखरू, पंचेचाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं. त्याची गोष्ट आम्हा सगळ्यांना तोंडपाठ आहे. फुलपाखरू काकांपाशी वीस मिनिटं बसलं. काका तेव्हा पंचविशी ओलांडलेले, घड्याळं दुरुस्त करणारे, काडीसारखे. मुलगी बघायला गेले तेव्हा बोलायला काही सुचेना, म्हणून त्यांनी हा फोटो दाखवला आणि वीस मिनिटांची हकीकत सांगितली. काकू म्हणे आईला आत जाऊन म्हणाल्या, ज्याच्यापाशी फुलपाखरू वीस मिनिटं बसतं तो माणूस माझ्यावर आवाज चढवणार नाही. लग्न झालं. काकूंना जाऊन आता सहा वर्षं झाली, पण फोटो पुसताना काका अजून त्या वाक्यापाशी थांबतात.

आता माझ्या माशीबद्दल.

गेल्या महिन्यात एका रविवारी पंपघराच्या भिंतीलगत पिवळ्या डेझीवर मला एक मधमाशी दिसली. मी पोटावर आडवी झाले, कोपरं मातीत रोवली आणि पुढे सरकत गेले. एक वीत अंतर राहिलं तरी ती उडाली नाही. चार बोटं राहिलं तरी नाही. जीभ बाहेर काढून, पराग माखलेले पाय पाकळ्यांवर टेकवून ती निवांत बसली होती. मी त्रेसष्ट फोटो घेतले. शेवटी माझ्याच पायाला मुंग्या आल्या म्हणून मी उठले, ती उठली नाहीच. पहिल्या आणि शेवटच्या फोटोच्या वेळा बघितल्या तर मध्ये अकरा मिनिटं!

मधमाशी अकरा सेकंद बसली तरी आमच्याकडे पेढे वाटल्यासारखा आनंद होतो. मग अकरा मिनिटांनी मी काय केलं असेल! जे भेटेल त्याला सांगितलं. दातांच्या डॉक्टरांना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. वाचनालयातल्या बायकांसमोर मी चक्क भाषण ठोकलं: श्वास नाकाने घ्यायचा, नजर माशीच्या डोळ्यांवर रोखायची नाही, मन स्वच्छ ठेवायचं, माशीला सगळं कळतं. घरी आमच्या ह्यांना खुर्चीत अकरा मिनिटं न हलता बसून दाखवायला लावलं. चौथ्या मिनिटाला त्यांनी कान खाजवला. मी म्हटलं, बघा, म्हणून तुमच्यापाशी माशी बसत नाही.

याच सुमाराला काकांचं पुस्तक छापायला निघालं होतं. आमच्या वाफ्यांवरच्या किड्यांचं पुस्तक, दोनशे बारा फोटो, काकांचं अख्खं आयुष्य त्यात. त्यांत एकतीस फोटो माझे. काकांची लेक संगणकावर पानं लावत होती. लहानपणी दुकानातल्या सगळ्या घड्याळांना हीच किल्ली द्यायची, म्हणून तिचं नावच किल्ली पडलं. आज चाळिशी उलटली तरी तेच. तिने मला एक दिवस हळूच प्रस्तावना दाखवली. काकांनी सांगितलेली, तिने टंकलेली. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं: 'मुखपृष्ठावरचा फोटो माझ्या विद्यार्थिनीचा आहे. मधमाशी तिच्यापाशी अकरा मिनिटं बसली. तिला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही.'

नऊ वर्षांत काकांनी माझ्या कुठल्याही फोटोला 'बरा' यापलीकडे शब्द दिलेला नव्हता. मी ते वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं आणि घरी जाताना दोनदा वळण चुकले. खोटं कशाला बोलू, मला त्या वाक्याचा मोह पडला होता.

आणि मग तो रविवार आला.

किल्लीने मुखपृष्ठाचा नमुना मोठ्या आकारात छापून आणला होता, दोन हात रुंद. सगळे वाहवा करत होते. काका उठले, फोटो हातात घेतला, नाकाला टेकेल इतका जवळ धरला आणि तिरपा करून उजेडाकडे वळवला. मग माशीच्या पायांवरून तर्जनी फिरवायला लागले. एक. दोन. तीन. बोलणी आपोआप थांबली. सहा म्हणाल्यावर त्यांचं बोट थांबेल असं मला वाटलं होतं. ते थांबलं नाही.

"सात," काका म्हणाले.

भूलतज्ज्ञाने चहाचा पेला खाली ठेवला. "त्यापेक्षा फ्रीज बरा होता," तो पुटपुटला. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने पेला पुन्हा उचलला.

"काका, मी जोडलेला नाही," मी म्हटलं. "हा एकच फोटो आहे. एका दाबात घेतलेला."

"मग सातवा पाय कुठून आला?"

मी स्वतः पुढे होऊन मोजले. पिवळे, परागांनी माखलेले पाय, आणि ते सातच होते. तीन आठवडे मी हा फोटो बघत होते, भाषणं ठोकत होते, आणि एवढ्या शहाणपणात एकदाही पाय मोजले नव्हते. तीस वर्षं बत्तीस दात मोजणाऱ्या बाईला सहा पाय मोजता आले नाहीत.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "पण मी जोडलेला नाही."

काकांनी फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. आवाज अजिबात चढवला नाही, तेच जास्त लागलं. "बुधवारी सकाळी पुस्तक छापखान्यात जातं, कवळी. तोवर उत्तर आण. नाहीतर मुखपृष्ठ बदलेन, आणि तुझे बाकीचे तीसही काढीन. एक शिवलेला निघाला की उरलेल्यांवर विश्वास कसा ठेवायचा?"

मी पिशवी उचलली आणि निघाले. दाराशी माझी पावलं क्षणभर अडखळली, कारण काकांनी मागून किल्लीला विचारलं, "माझा चष्मा कुठाय?" आणि चष्मा त्यांच्या हाताखालीच होता.

सोमवारी दुपारी माझ्या कवळ्यांच्या प्रयोगशाळेत डबा बाजूला ठेवून मी ते त्रेसष्ट फोटो संगणकावर उघडले. डोकं ठिकाणावर ठेवून विचार केला तर गोष्ट सोपी होती. सातवा पाय एकाच फोटोत असेल तर कॅमेऱ्याचा काहीतरी घोळ. सगळ्यांत असेल तर तो पाय खरोखर तिथे होता. मी बाण दाबत गेले. पहिल्यात होता. दहाव्यात होता. चाळिसाव्यात, त्रेसष्टाव्यात होता. अकरा मिनिटं तो पाय तिथे होता आणि मी काहीही शिवलेलं नव्हतं. जीव भांड्यात पडला. मी उठून खिडकी उघडली आणि समोरच्या शिंप्याला उगाचच हात केला.

परत बसले आणि खात्रीसाठी पुन्हा भराभर बाण दाबला. तेव्हा मला दुसरी गोष्ट दिसली. वाऱ्याने फूल डुलत होतं. पाकळीची सावली पडद्यावर डावीकडून उजवीकडे बोटभर सरकली होती. माशी मात्र जशीच्या तशी. मिशा त्याच कोनात. जीभ तेवढीच बाहेर. आणि पोट. नऊ वर्षांपूर्वी पहिल्याच रविवारी काकांनी मला सांगितलं होतं, माशी कितीही शांत बसली तरी तिचं पोट आत-बाहेर होत असतं, आधी पोट बघ, मग कॅमेरा उचल. मी तो धडा नवीन येणाऱ्या प्रत्येकाला शिकवला आहे. त्या सकाळी मी स्वतः पोट बघितलं नव्हतं. त्रेसष्ट फोटोंत ते एकदाही हललेलं नव्हतं.

मी फोटो मोठा केला, उजेड वाढवला. माशीच्या मानेखाली जी मला पाकळीची घडी वाटली होती, तिला डोळे होते. काळे, टाचणीच्या टोकाएवढे, दोन ओळींत. तो खेकड्या होता. आम्ही त्याला काकांच्या शब्दांत खेकड्या म्हणतो: फुलाच्याच रंगाचा कोळी, जाळं विणत नाही, पुढचे लांब पाय खेकड्यासारखे फाकवून पाकळीत दबा धरतो आणि माशी उतरली की मानेला चावतो. सातवा पाय त्याचा होता. पराग माखून माशीच्या पायांसारखाच पिवळा झालेला.

म्हणजे माशी माझ्यापाशी अकरा मिनिटं बसली, कारण ती मेलेली होती. नाकाने श्वास, स्वच्छ मन, सगळं धुळीला मिळालं. मी वाचनालयातल्या बावीस बायकांना प्रेतासमोर श्वास कसा घ्यायचा ते शिकवून आले होते. मला रडू आलं नाही, राग आला. आधी कोळ्याचा, मग माशीचा, मग माझा, आणि माझा राग बराच वेळ टिकला.

संध्याकाळी आमच्या ह्यांना सांगितलं. हे बसडेपोत वेळा नोंदवतात. गाडी उशिरा आली की उशिरा लिहितात, त्यात वाद नाही. पण बायकोच्या बाबतीत माणूस मवाळ होतो.

"मग त्यात काय?" ते म्हणाले. "काकांना एकच फोटो दाखव. म्हणावं, हा बघा कोळ्याचा पाय. तू जोडला नाहीस हे सिद्ध झालं. माशी जिवंत की मेलेली हे एका फोटोवरून कुणाला कळतंय? नुकताच कोळी येऊन बसला म्हणायचं."

"आणि अकरा मिनिटं?"

"राहू दे की. वाक्यही राहील."

मला हे सुचलं नव्हतं असं नाही. दुपारी तीन वाजताच सुचलं होतं, आणि साडेतीनपर्यंत मी ते मनात घोळवत होते. तेवढा अर्धा तास मला माझीच लाज वाटली. "अहो," मी म्हटलं, "उद्या तुम्ही उशिरा आलेली गाडी वेळेवर लिहाल का?"

"साहेबांनी फार आग्रह केला तर..."

"जेवा गुपचूप."

ते जेवले गुपचूप. ताट उचलताना म्हणाले, "मला एकच वाईट वाटतं. त्या माशीपायी मी चार मिनिटं कान खाजवला नव्हता."

काकांना नुसतं सांगून भागलं असतं, हे खरं. पण रविवारपासून माझ्या मनात आणखी एक गोष्ट सलत होती. काकांनी पाय डोळ्यांनी मोजले नव्हते. उरल्यासुरल्या नजरेने आणि बोटाने मिळून, तेही दोन हात रुंद फोटोत, मोजले होते. फोटो नाकाला लावला होता. हाताखालचा चष्मा शोधला होता. आणि आता आठवायला बसले तर कित्येक महिन्यांत मी त्यांना घड्याळ उघडताना बघितलंच नव्हतं; ते गिऱ्हाइकाशी गप्पा मारायचे आणि आतलं काम किल्ली करायची. पिवळ्यावर पिवळा कोळी मी त्यांना फोटोत दाखवला, तर ते 'हो, दिसला' म्हणतील. दिसणार नाही तरी म्हणतील. मला ते नको होतं.

मंगळवारी सकाळी मी मेण तापवलं. दोन रोग्यांना निरोप धाडला की आजच्या दिवस पातळ खा. मग फोटो समोर ठेवून मी ताटलीएवढं फूल बसवलं, त्यावर मुठीएवढी माशी, तिचे सहा पाय सांध्यांसकट, बाहेर आलेली जीभ, पंखांना पातळ पत्रा. आणि मानेखाली दबलेला खेकड्या, आठ पाय, त्यातला एक माशीच्या पायांशेजारी पुढे आलेला. कवळ्यांचं मेण गुलाबीच असतं, त्यामुळे सगळं हिरड्यांच्या रंगाचं झालं. दिसायला भयंकर! हाताला मात्र अचूक होतं. मी डोळे मिटून बोटाने तपासलं, दात तपासते तसं.

संध्याकाळी दुकानात काका आणि किल्ली दोघंच होती. किल्ली आतल्या बाजूला संगणकावर शेवटची पानं बघत होती.

"उत्तर आणलंस की सबब?" काकांनी विचारलं.

मी खोका उघडला आणि मेणाचं फूल त्यांच्या दोन्ही हातांत ठेवलं. "मोजा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे माझ्या दिशेला बघितलं. मग ते काउंटरमागे बसले, फूल मांडीवर घेतलं आणि बोटं फिरवू लागले. पन्नास वर्षं केसाएवढ्या स्प्रिंगा हाताळलेली बोटं ती. पंख लागले, पाठ लागली. पाय मोजत गेले, सहा झाले, आणि सातव्यावर बोट थबकलं. त्यांनी तो पाय मुळापर्यंत चाचपला. तो माशीकडे गेला नाही, खाली गेला, मानेखाली गेला. तिथे बोटांनी दुसरं अंग शोधलं, दुसरे पाय मोजले. आठ.

"खेकड्या," ते अगदी हळू म्हणाले.

"हो."

"हा पाय माशीचा नाही."

"नाही, काका."

मला वाटलं आता ते माफी मागतील किंवा हसतील. त्यांचं बोट परत मानेपाशी गेलं होतं. "पोट?" त्यांनी विचारलं.

इथे मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. "हललं नाही," मी म्हटलं. "त्रेसष्ट फोटोंत एकदाही नाही. ती माझ्यापाशी बसली नव्हती. मेलेली होती. मी पोट बघितलंच नाही. तुमचं प्रस्तावनेतलं वाक्य काढून टाका."

म्हणून झालं आणि मला एकदम हलकं वाटलं, ठणकणारा दात उपटल्यावर वाटतं तसं. दुखत होतंच, पण उपटून झाला होता.

काकांनी फूल पुन्हा एकदा सगळीकडून चाचपलं. "हे मेणाचं का केलंस?" त्यांनी विचारलं. "फोटो होता की."

मी खोक्याचं झाकण लावायला लागले.

"कधी कळलं तुला?"

"परवा. तुम्ही बोटाने मोजलंत तेव्हा."

त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "किल्लीला बोलू नकोस. तिला माहीत नाही."

"बाबा," आतून किल्ली म्हणाली, मान न वळवता, "मला दोन वर्षांपासून माहीत आहे. तुमच्या नावावर घड्याळं कोण दुरुस्त करतंय?"

दुकानात भिंतभर घड्याळं टिकटिकत होती. काकांच्या कपाळावर आधी आठी पडली, मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. ते हसत होते. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा किल्लीही खुर्ची ढकलून बाहेर आली आणि माझा बांध फुटला. तीन माणसं आणि एक गुलाबी कोळी, असे आम्ही थोडा वेळ कसल्याच कामाचे नव्हतो.

"चल, लिही," काका म्हणाले. किल्ली जागेवर बसली. "मुखपृष्ठ तेच. 'त्यावरची मधमाशी मेलेली आहे. तिच्या मानेखाली एक कोळी आहे. फोटो काढणारीला तो तीन आठवडे दिसला नव्हता. दिसल्यावर तिने स्वतः येऊन सांगितलं. मला तो अजूनही दिसलेला नाही, कारण माझी नजर गेली आहे. पण मी तो मोजला आहे.'"

"आणि आधीचं वाक्य?" किल्लीने विचारलं. "शिकवण्यासारखं काही उरलेलं नाही, ते?"

"ते काढ. पोट बघायचं राहतंय अजून तिचं."

वाक्य गेलं याचं वाईट वाटलं, अगदी आतून वाटलं. पण जे आलं ते मी कुणाहीसमोर ताठ मानेने वाचू शकत होते.

"आता बस इथे," काका म्हणाले. "दोनशे बारा फोटो आहेत. सगळ्यांचे पाय मोज. पोटं बघ. पुस्तक सकाळी जायचंय आणि माझ्याकडे तुझ्याशिवाय डोळे नाहीत."

किल्लीने मला खुर्ची दिली आणि पहिलं पान उघडलं. पहिलं पान अर्थातच काउंटरवरच्या फुलपाखराचं होतं. जुन्या फिल्मवरून नव्याने उतरवून घेतलेलं, पडदाभर मोठं. पांढऱ्या फुलावर पांढरं फुलपाखरू. नऊ वर्षं मी ते भिंतीवर बघत आले होते. आता मला कुठे बघायचं ते माहीत होतं, म्हणून नजर सरळ मानेखाली गेली. तिथे पाकळीची एक घडी होती. घडीला डोळे होते.

मी माऊसवरचा हात काढला.

"का थांबलीस?" काकांनी विचारलं. दिसत नसलं तरी त्यांना टिकटिक सोडून दुकानातलं सगळं ऐकू येतं.

पुढचं पान उघडलं असतं तर कुणालाही काही कळलं नसतं. किल्लीने अजून बघितलं नव्हतं. पन्नास वर्षं ती गोष्ट टिकली होती, काकू तिच्यावर विश्वास ठेवून नांदल्या होत्या, आणि काकांकडे आता डोळे नव्हते, गोष्टी तेवढ्या होत्या. माझ्या माशीचं मी माझं बघून घेतलं होतं. हे माझं नव्हतं. पण त्यांनी मला मोजायला बसवलं होतं, आणि पाटी त्यांच्याच हातची होती.

"काका," मी म्हटलं, "तुमचं फुलपाखरू किती वेळ बसलं होतं?"

"वीस मि..." आणि ते थांबले.

किल्ली पडद्याकडे वाकली. तिलाही दिसलं. तिने तोंडावर हात ठेवला.

"पांढरा?" काकांनी विचारलं.

"पांढरा," मी म्हटलं. "मानेखाली. पुढचे चार पाय स्पष्ट दिसतात."

काका उठले. काउंटरवरचा फोटो त्यांनी चाचपत खाली उतरवला, काचेवरून अंगठा फिरवला. काचेवरून काय कळणार! तरी त्यांनी तो दोनदा फिरवला.

"किल्ली, लिही," ते म्हणाले. "पहिल्या फोटोखाली."

किल्लीचे हात मांडीवरच राहिले. "बाबा, हे नको ना. आईची गोष्ट आहे ती."

"आईची गोष्ट वेगळी आहे," काका म्हणाले. "फुलपाखरू वीस मिनिटं बसलं, कारण कोळ्याने त्याची मान धरली होती. तुझी आई माझ्यापाशी एकेचाळीस वर्षं बसली. तिला कुणीही धरून ठेवलेलं नव्हतं. लिही."

किल्लीने ओढणीने डोळे पुसले आणि लिहायला घेतलं. तिचं झाल्यावर मी दुसरं पान उघडलं आणि आधी पोट बघितलं.